टायगर हिलचे श्रेय एकट्या लेझर बॉम्बला देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २६ जुलै जवळ आला की कारगिलच्या हवाई हल्ल्यांवर मजकूर छापून येतो आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट एकच असते. मिराज विमाने आली, लेझर बॉम्ब टाकला, टायगर हिल मोकळी झाली. यातले एकेक वाक्य खरे आहे, पण एवढेच वाचून तरुण वाचकाच्या डोक्यात जे चित्र उभे राहते ते खरे नाही. १९९९ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हवाई दलाने जे बॉम्ब टाकले, त्यांतले अगदी मोजके लेझरचे होते. बाकी सगळे साधे, विमानातून सुटल्यावर स्वतःला जराही वळवू न शकणारे. ते डोंगरमाथ्यावर कसे पाडायचे हे कोडे वैमानिकांनी, तळावरच्या तंत्रज्ञांनी आणि नकाशे घेऊन बसलेल्या अधिकाऱ्यांनी दोन-तीन आठवड्यांत सोडवले. ते कोडे काय होते हे मराठीत नीट मांडलेले फार कमी वाचायला मिळते, म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण कापायचे झाले तर आकडे कापू नयेत ही विनंती.

सुरुवात उंचीपासून करावी लागते. आपले कळसूबाई १६४६ मीटर. टायगर हिल ५०६० मीटरच्या वर, म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई. बातम्यांत ‘पॉइंट ५१४०’ असे जे वाचतो, तो आकडा म्हणजे त्या शिखराची मीटरमधली उंचीच असते. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरते. हा एक आकडा लक्षात ठेवला तर पुढचे सगळे त्यातूनच उलगडते.

विमानाचा वेगमापक हवेच्या दाबावर चालतो. हवा विरळ झाली की तो कमी दाखवतो. अठरा हजार फुटांवर काटा ताशी ७०० किलोमीटरवर असेल, तर विमान प्रत्यक्षात ९०० च्या आसपास वेगाने पुढे जात असते. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे खाली मैदानात जे वळण सहज बसते ते इथे दीडपटीहून जास्त जागा खाते. त्या वेगाने, अंगावर तिप्पट भार घेऊन वळले तरी त्रिज्या सव्वादोन किलोमीटर येते, म्हणजे उलटे फिरायला साडेचार किलोमीटर रुंदी लागते. दोन्ही बाजूंना कडे, आणि पलीकडे काही किलोमीटरवर नियंत्रण रेषा, जी कुठल्याही परिस्थितीत ओलांडायची नाही असा सरकारचा स्पष्ट आदेश. म्हणजे लक्ष्यावर कुठल्या दिशेने यायचे आणि बॉम्ब टाकून कुठे बाहेर पडायचे, याचे पर्याय आधीच दोन-तीनवर आलेले.

बॉम्बचेही तसेच. बॉम्ब किती पुढे जाऊन पडेल याचे कोष्टक असते. जुन्या विमानांत ते वैमानिकाच्या गुडघ्यावरच्या कागदावर, नव्या विमानांत संगणकात. ही कोष्टके जिथे तयार होतात तिथली लक्ष्ये सहसा सपाटीवरची असतात. विरळ हवेत बॉम्बला अडवणारा रोध कमी पडतो, तो कोष्टकापेक्षा जास्त वेग टिकवतो आणि लक्ष्याच्या पलीकडे जाऊन पडतो. सपाट प्रदेशात पलीकडे पडला तरी तो लक्ष्याच्या शेजारीच असतो. डोंगरधारेवर ‘पलीकडे’ म्हणजे खोल दरी.

ज्यांनी राजगडाची संजीवनी माची चालून पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. माचीवर दगडांचा एक आडोसा आहे असे समजा. बॉम्ब चाळीस मीटर अलीकडे पडला तर तो कड्याच्या कातळावर फुटेल आणि त्याच्या ठिकऱ्या कातळच झेलेल. चाळीस मीटर पलीकडे गेला तर शेकडो मीटर खाली दरीत फुटेल. आडोशातल्या माणसाला फक्त आवाज ऐकू येईल. मैदानात तोच २५० किलोचा बॉम्ब चाळीस मीटरवर पडला असता तर उघड्यावरचा माणूस वाचला नसता. म्हणून कारगिलजवळच्या द्रासच्या शिखरांवर जी चूक होती, ती राजस्थानच्या सरावाच्या रेंजवर चूक म्हणून मोजलीही गेली नसती.

आता पहिल्या तीन दिवसांकडे येऊ, कारण तिथे किंमत मोजावी लागली. हवाई हल्ले २६ मे रोजी सकाळी सुरू झाले. मिग-२१, मिग-२३ आणि मिग-२७ या विमानांनी सुरुवात केली. मिग-२१ मधून साधा बॉम्ब टाकायची जुनी पद्धत अशी: विमान ठरलेल्या कोनात, समजा ३० अंशांत, खाली झुकवायचे, समोरच्या काचेवरचा ठिपका लक्ष्याकडे सरकत जाताना पाहायचे, आणि ठरलेली उंची व ठरलेला वेग एकाच क्षणी जुळले की बटण दाबायचे. तिन्ही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. झुकण्याचा कोन उथळ राहिला तर बॉम्ब अलीकडे पडतो, तीव्र झाला तर पलीकडे. वेग जास्त झाला तर पलीकडे, कमी राहिला तर अलीकडे. बटण उंचावर असतानाच दाबले गेले तर अलीकडे, खाली येऊन दाबले तर पलीकडे. पंख एका बाजूला किंचित कलले असतील तर बॉम्ब त्या बाजूला जातो. मैदानी रेंजवर हे अंगवळणी पडलेले असते, कारण लक्ष्य सपाटीवर पांढऱ्या चुन्याच्या वर्तुळात असते. इथे लक्ष्य म्हणजे करड्या कातळावर करड्या दगडांची रचलेली भिंत किंवा बर्फावर पांढरा तंबू, आणि शोधायला हातात काही सेकंद.

त्यात खांद्यावरून डागायचे स्टिंगर क्षेपणास्त्र. नळीसकट सुमारे १५ किलोचे, एका माणसाला वाहून नेता येते. ते डागणाऱ्याच्या वर साधारण साडेतीन किलोमीटरपर्यंत पोहोचते. डागणारा मैदानात असेल तर वैमानिक बारा-तेरा हजार फुटांच्या वर राहून निर्धास्त. पण डागणारा स्वतःच पाच हजार मीटरच्या शिखरावर बसला असेल, तर त्याची पोहोच अठ्ठावीस हजार फुटांपर्यंत जाते. २१ मे रोजी टेहळणीवर गेलेल्या कॅनबेरा विमानाला असाच फटका बसला होता. ते एका इंजिनावर श्रीनगरला सुखरूप उतरले. धोका आहे हे त्या दिवशीच कळले होते. तो किती उंचीपर्यंत आहे, हे पुढच्या आठवड्यात कळले.

२७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन रॉकेटे सोडल्यानंतर विझले. हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. रॉकेट किंवा तोफ झाडली की गरम धुराचा लोट विमानाच्या पुढून येतो आणि त्याचा काही भाग इंजिनाच्या तोंडात जातो. इंजिनाला थंड, दाट, सलग हवा हवी असते. त्याऐवजी गरम आणि प्राणवायू कमी असलेली हवा आत गेली की आतल्या पात्यांवरचा प्रवाह विस्कटतो आणि ज्योत विझते. खालच्या दाट हवेत इंजिन यातून बहुधा सावरते, उंचावर त्याच्याकडे मुळातच शिल्लक कमी असते. विझलेले इंजिन परत पेटवायची रीत म्हणजे नाक खाली करून वेग घ्यायचा आणि दाट हवेत उतरायचे. सोळा-सतरा हजार फुटांचे डोंगर खाली असताना उतरायला जागाच नसते. नचिकेता यांनी प्रयत्न केला, मग त्यांना बाहेर उडी घ्यावी लागली आणि ते पकडले गेले. ३ जूनला ते परत आले. त्यांना शोधण्यासाठी त्याच भागात घिरट्या घालणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले आणि आहुजा परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, तोलोलिंग शिखराच्या परिसरात रॉकेटे घेऊन गेलेले एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. चौघे गेले. वाचक विचारतात, मालवाहू हेलिकॉप्टरला रॉकेटे बांधून का पाठवले, हल्ल्यासाठी बनवलेली हेलिकॉप्टरे आपल्याकडे होती ना? होती. एमआय-२५ आणि एमआय-३५. पण चिलखताच्या वजनामुळे ती या उंचीवर शस्त्रांसह काम करू शकत नव्हती. एमआय-१७ चढू शकत होते, म्हणून तेच गेले. पडलेल्या हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्राला चकवणारे जळते फ्लेअर सोडण्याची सोय नव्हती. त्यानंतर हेलिकॉप्टरे हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आली.

इथून पुढची लढाई वेगळी आहे. क्षेपणास्त्राच्या पोहोचेबाहेर राहायचे म्हणजे तीस हजार फुटांच्या आसपास राहायचे आणि तिथूनच बॉम्ब टाकायचा. गणित करून पाहा. लक्ष्य सोळा हजार फुटांवर, विमान तीस हजारांवर, म्हणजे मध्ये सुमारे ४२०० मीटर. हवेचा रोध सोडून दिला तरी बॉम्बला खाली यायला २९ सेकंद लागतात. विमानाचा वेग सेकंदाला २५० मीटर धरला, तर बॉम्ब लक्ष्याच्या सात किलोमीटर आधी सोडावा लागतो. बटण एक सेकंद उशिरा दाबले तर २५० मीटर चूक, सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर झाला तरी २५ मीटर. दिशेत अंशाच्या दहाव्या भागाइतकी चूक झाली तर बॉम्ब १२-१३ मीटर बाजूला. हे माणसाच्या हाताने जमणारे काम नाही. इथे मिराज-२००० चा संगणक कामी आला. तो वेग, उंची, विमानाचा कल आणि वारा सतत मोजत राहतो आणि सोडण्याचा क्षण स्वतः ठरवतो. वैमानिकाने संमतीचे बटण दाबून धरायचे असते.

पण संगणक जे सांगाल तेच खरे मानतो. लक्ष्याची उंची नकाशावरून वाचताना १०० मीटरने चुकली, तर वर सांगितलेल्या उदाहरणात बॉम्ब सुमारे ८५-९० मीटर मागेपुढे जातो. मैदानी मुलखात उंचीची चूक पाच-दहा मीटरच्या वर जात नाही. डोंगरात नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा (समोच्च रेषा) एकमेकींना खेटून असतात, बोट जरा सरकले की शंभर मीटर. विमानाची स्वतःची उंचीही हवेच्या दाबावरून काढलेली असते. हवेचे तापमान प्रमाण तापमानापेक्षा १० अंशांनी जास्त असेल, तर खरी उंची दाखवलेल्या उंचीपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त असते. नऊ किलोमीटरवर हे ३६० मीटर होतात. जूनच्या उन्हात हे घडतेच. म्हणून रडार किंवा लेझरने लक्ष्याचे अंतर थेट मोजता येणे, यावर निम्मे यश अवलंबून असते.

वाऱ्याबद्दल गैरसमज फार. विमान ज्या वाऱ्यात उडते त्या वाऱ्यासकट बॉम्ब सुटतो, त्यामुळे वारा वरपासून खालपर्यंत सारखा असता तर हिशेब सोपा होता. अडचण अशी की तीस हजार फुटांवर एक वारा, वीस हजारांवर दुसरा, आणि शिखराला आपटून उसळणारा तिसरा. बॉम्ब अर्धा मिनिट या तिघांतून खाली येतो आणि संगणकाला फक्त वरचा वारा ठाऊक असतो.

आणि नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे एव्हरेस्ट प्रमाणावर, जीपीएसचे आकडे डब्ल्यूजीएस-८४ वर, म्हणजे पृथ्वीचा आकार मानण्याची दोन वेगळी मापे. दोन्हींचे अक्षांश-रेखांश रूपांतर केल्याशिवाय जुळत नाहीत. पायदळाच्या अधिकाऱ्याने नकाशावरून सांगितलेला आकडा रूपांतर न करता यंत्रात भरला, की बॉम्ब धार सोडून दरीत. त्या वेळी नागरी जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक होती, सुमारे १०० मीटरची. ती २ मे २००० ला काढली, म्हणजे युद्ध संपल्यावर नऊ महिन्यांनी. अशा परिस्थितीत मिगच्या वैमानिकांनी हातात धरायचे जीपीएस यंत्र आणि स्टॉपवॉच घेऊन रात्री बॉम्ब टाकले. ओळखीच्या खुणेवरून ठरलेल्या दिशेने व वेगाने निघायचे, सेकंद मोजायचे आणि सोडायचे. यातून तंबूवर बॉम्ब पडत नाही, पडेल अशी अपेक्षाही नव्हती. वर बसलेल्याला रात्री झोपू द्यायचे नाही, रसद आणणाऱ्याला अंधारातही निर्धास्त चालू द्यायचे नाही, यासाठी ते होते. त्या कामाला शंभर मीटरची चूक चालते. या वैमानिकांचा उल्लेख विशेष पुरवण्यांत सहसा नसतो, हे खटकते.

या सगळ्यातून सर्वांत मोठे फळ मिळाले ते मुंथो ढालोला. बटालिक क्षेत्रातला हा घुसखोरांचा रसदतळ. तंबू, धान्य, दारूगोळा, इंधन सगळे एका जागी. १७ जून रोजी मिराजनी इथे २५० किलोचे साधे बॉम्ब टाकले. लेझर नाही, काही नाही. तळ उद्ध्वस्त झाला. असे का जमले? एक तर लक्ष्य धारेवर नव्हते, पसरलेले होते. बॉम्ब वीस-तीस मीटर सरकला तरी तो कशावर ना कशावर पडणारच होता. दुसरे, बॉम्ब एकामागून एक ठरावीक अंतराने सोडले की जमिनीवर त्यांची माळ पडते. नेम मागेपुढे चुकण्याचे प्रमाण डाव्या-उजव्या चुकीपेक्षा नेहमीच जास्त असते, म्हणून लक्ष्याच्या लांबीच्या दिशेने आले तर माळेतले काही बॉम्ब हमखास लागतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, शिखरावरचा माणूस खाली साठवलेल्या पिठा-तेलावर जगतो. सोळा हजार फुटांवर काहीही उगवत नाही, सगळे पाठीवरून चढवावे लागते. शिखरावरचे दहा आडोसे फोडण्यापेक्षा त्यांना पोसणारा एक तळ मोडणे जास्त उपयोगाचे ठरते. माझ्या मते कारगिलच्या हवाई मोहिमेचा कळस टायगर हिल नव्हे, मुंथो ढालो आहे. आपल्या पुरवणीत त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

टायगर हिलवरचा लेझर हल्ला २४ जूनचा. हवाई दलाने लढाईत लेझर बॉम्ब वापरण्याची ती पहिली वेळ. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस त्या दिवशी स्वतः दुसऱ्या मिराजमध्ये होते, ही मराठी वाचकांना ठाऊक असावी अशी गोष्ट. वापरलेला बॉम्ब १००० पौंडी, म्हणजे साडेचारशे किलोचा, त्याच्या नाकाला आणि शेपटीला पेव्हवे नावाचा, बॉम्बला लेझरकडे वळवणारा संच जोडलेला. विमानाच्या पोटाखाली लायटनिंग नावाचे इस्रायली पॉड. त्यात दिवसाचा कॅमेरा, उष्णता पाहणारा कॅमेरा आणि लेझर. हे पॉड मिराजवर बसवून चालू करण्याचे काम जूनच्या धावपळीत झाले.

‘लेझर बॉम्ब आपोआप लक्ष्यावर जातो’ असे छापले जाते. तो आपोआप जात नाही. विमानाने लक्ष्यावर लेझरचा अदृश्य ठिपका धरून ठेवायचा, बॉम्बच्या नाकातला डोळा त्या ठिपक्याचा परतलेला उजेड पाहतो आणि पुढचे चार छोटे पंख हलवून तिकडे वळतो. हे पंख एकतर पूर्ण वळतात नाहीतर सरळ राहतात, मधले काही नाही. त्यामुळे बॉम्ब नागमोडी खाली येतो आणि वळणाऱ्या प्रत्येक झटक्यात वेग गमावतो. बॉम्बला स्वतःचे इंजिन नाही. मुळात तो चुकीच्या जागी सोडला असेल, तर कितीही वळला तरी पोहोचत नाही. म्हणजे साध्या बॉम्बचे सगळे गणित इथेही करावेच लागते, लेझर फक्त शेवटची उरलेली चूक पुसतो. शेवटच्या क्षणापर्यंत ठिपका दिसत राहिला पाहिजे. मध्ये ढगाचा तुकडा आला, आधीच्या स्फोटाची धूळ उठली, की बॉम्ब आंधळा होतो. कारगिलच्या डोंगरात दुपारी ढग जमतात, म्हणून सकाळचे काही तासच हाती असत.

आणखी एक बारकावा. लेझरचा ठिपका ठरावीक ठेक्यात लुकलुकतो. तो ठेका म्हणजे एक सांकेतिक आकडा, आणि पेव्हवे बॉम्बच्या नाकावर तो आकडा विमान उडण्यापूर्वी, जमिनीवरच, पेचकसाने लावावा लागतो. तो पॉडमधल्या आकड्याशी जुळला नाही, तर बॉम्बला आपला ठिपका ओळखू येत नाही आणि तो साध्या बॉम्बसारखा पडतो. वर आकाशात वैमानिकाला त्यावर काही करता येत नाही.

जमिनीवरच्या या माणसांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. बॉम्ब ट्रॉलीवरून येतो, उचलून पंखाखालच्या आकड्यात अडकवला जातो, दोन्ही बाजूंचे आधार घट्ट पिळले जातात, म्हणजे वाऱ्यात तो डुलत नाही. फ्यूज, म्हणजे बॉम्ब फोडणारा भाग, बसवला जातो. फ्यूजच्या तोंडावर एक फिरकी असते आणि तिच्यातून एक बारीक तार ओवलेली असते, जिचे दुसरे टोक विमानालाच बांधलेले असते. बॉम्ब सुटला की तार विमानाकडे राहते, फिरकी मोकळी होते, वाऱ्याने गरगर फिरते आणि ठरावीक फेऱ्या झाल्यावरच फ्यूज जिवंत होतो. ही काही सेकंदांची दिरंगाई वैमानिकाच्या रक्षणासाठी आहे, बॉम्ब विमानाच्या पोटाखालीच फुटू नये म्हणून. पण बॉम्ब फार खालून सोडला तर फिरकीच्या फेऱ्या पुऱ्या होत नाहीत आणि तो न फुटता दगडासारखा पडतो. तार चुकीची ओवली आणि बॉम्बबरोबर ती निघून गेली, तरी तेच. उडण्याआधी लाल पट्ट्या लटकणाऱ्या सुरक्षा पिना काढून, मोजून, वैमानिकाला हात वर करून दाखवल्या जातात. एक पिन मागे राहिली तर तीनशे किलोमीटर जाऊन बॉम्ब तसाच परत येतो. पंजाबातल्या आदमपूरहून द्रास सरळ रेषेत साधारण तेवढेच अंतर आहे.

फ्यूज कुठला, हा निर्णयही बॉम्बइतकाच मोठा असतो. टेकताच फुटणारा फ्यूज उघड्यावरच्या माणसांसाठी आणि तंबूंसाठी. थोडा उशिरा फुटणारा छपराखालच्या भक्कम आडोशासाठी. जमिनीच्या वरच फुटणारा दगडी भिंतीमागे आडव्या झालेल्यांसाठी, कारण त्याच्या ठिकऱ्या वरून येतात. मऊ बर्फात उशिराचा फ्यूज लावला तर बॉम्ब बर्फात खोल शिरतो आणि बर्फच त्याचा जोर गिळतो. वरून फोटोत काळा खड्डा मोठा दिसतो, शेजारचा तंबू मात्र उभाच असतो. म्हणून स्फोटाच्या चित्रफितीवरून ‘लक्ष्य उद्ध्वस्त’ असे लिहिणे धोक्याचे. नुकसान किती झाले हे हल्ल्यानंतर पुन्हा काढलेल्या छायाचित्रांवरून, शत्रूच्या बिनतारी संभाषणावरून आणि शेवटी तिथे चढून गेलेल्या पायदळाच्या डोळ्यांवरून ठरते.

पायदळाचे नाव निघाले म्हणून हेही लिहितो. २४ जूनच्या हल्ल्यानंतर टायगर हिलचा माथा हाती यायला ४ जुलै उजाडला. मधले दहा दिवस तोफा चालू होत्या. संपूर्ण युद्धात तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटे डागली. माथ्यावर माणसे रात्री दोर लावून कडा चढून गेली, तेव्हाच तो आपला झाला. बॉम्बने वरच्यांची रसद तुटली, त्यांची डोकी खाली राहिली, त्यांचे आडोसे मोडले. शिखर बॉम्बने घेतले नाही, आणि त्या वैमानिकांनीही तसा दावा कधी केल्याचे वाचनात नाही.

महाराष्ट्राचा यातला वाटा खरा आहे, तो जरूर छापावा. मिग-२७ नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात परवान्यावर तयार होत असे. अशी दीडशेहून जास्त विमाने तिथून बाहेर पडली. मिग-२१ ची मोठी दुरुस्तीही तिथेच होत असे. हवाई दलाने मिग-२७ ला ‘बहादूर’ म्हटले आणि डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरला त्याला निरोप दिला. पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने जलदगती विमानांसाठी कमी रोधाचे बॉम्ब विकसित केले. बॉम्बचा आकार लांबट, नाक टोकदार, शेपूट बारीक का करतात, हे तिथल्या माणसांना विचारून एखादा सविस्तर लेख आपण छापलात तर शाळा-महाविद्यालयांतली मुले तो कापून ठेवतील. गतीचे नियम शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता थेट मागणी. हवाई हल्ल्याची बातमी, मग ती जुनी असो वा ताजी, देताना चार गोष्टी विचारून छापाव्यात: लक्ष्य काय होते, बॉम्ब साधा होता की दिशा देता येणारा, विमान किती उंचीवर होते, आणि नुकसानीचा आकडा कोणी आणि कशावरून सांगितला. यातले जे कळले नसेल ते ‘कळले नाही’ असे लिहावे. ‘अचूक मारा’ हे दोन शब्द या चार उत्तरांशिवाय वापरू नयेत. ‘सॉर्टी’ म्हणजे एका विमानाचे एक उड्डाण, एक हल्ला नव्हे. चार विमाने एकदा गेली की चार सॉर्टी होतात. त्यांत टेहळणीची आणि संरक्षणासाठी सोबत गेलेली उड्डाणेही धरलेली असतात. सॉर्टींचा आकडा हल्ल्यांचा म्हणून छापला की वाचक फसतो.

आणि एक. २६ जुलैच्या पुरवणीत टायगर हिलचे छायाचित्र दरवर्षी येते. २८ मे रोजी, पहिल्या पानावर नसले तरी आतल्या पानावर, तोलोलिंगजवळ पडलेल्या त्या एमआय-१७ मधल्या चौघांची नावे छापावीत. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राज किशोर साहू.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक